वरचा पाव

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मायलेकींचं वाजलं ते एका पावावरून. वरच्या पावावरून.

आई ओट्याशी उभी राहून पाव मांडत होती. लांब लाकडी फळीवर पाच-पाचच्या ओळी, कडेला कड लावून, प्रार्थनेला पोरं उभी करावीत तशा. तिच्या दुकानात सँडविच मिळायचं ते उघडंच. खाली एक पाव, पावावर लोणी, लोण्यावर काकडी नाहीतर उकडलेलं अंडं नाहीतर चीज, आणि त्याच्यावर आभाळ. गिऱ्हाइकानं आत यावं, पाचांतल्या एका टेबलाशी बसावं, सुरी-काटा घ्यावा आणि काय खातोय ते बघत खावं. कागदात गुंडाळून हातात द्या म्हणणाऱ्याला ती दारातूनच वाटेला लावायची. रस्त्यापलीकडचा घड्याळवाला म्हणायचा, "मालकीणबाई, तुमचं सँडविच म्हणजे छप्पर उडालेलं घर." पण दुपारी पहिला हजर तोच असायचा.

"साठ," लेक म्हणाली. "फक्त साठ, आई. पंधरा तारखेला. विमा कचेरीत दिवसभराची बैठक आहे. माणसं कागद चाळता चाळता खाणार. एका हातात कागद असला की उघडं सँडविच नाही गं खाता येत. काकडी मांडीवर पडते."

"मग मांडीवर रुमाल घ्यावा."

"साठ जणांनी?"

"म्हणजे एकशेवीस मांड्या," मावशी गल्ल्यामागून म्हणाली. ती आईची धाकटी बहीण. दुकान दोघींचं; आई आतलं बघायची, मावशी बाहेरचं. "ताई, हसण्यावारी नेऊ नकोस. पाचांतली तीन टेबलं रोज रिकामी असतात. आज साठ घेतील, आवडली तर दर महिन्याला घेतील. वरती एक पाव ठेवायचा, बास. लोक त्याशिवाय काय मागतायत?"

"वरचा पाव माझ्या दुकानातून जाणार नाही," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "एकदा गेला तेवढा पुरे."

'एकदा' म्हणजे कधी, हे तिघींनाही ठाऊक होतं. फक्त लेकीला त्यातलं थोडं जास्त ठाऊक होतं, आणि ते तिनं सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी हेच दुकान बंद सँडविचांसाठी ओळखलं जायचं. अक्रोड वाटून लोण्यात फेटायचा आणि तो चीजखाली लावायचा, ही आईची खासियत. लोक त्यासाठी लांबून यायचे. पण काही जणांना अक्रोड चालायचा नाही, आणि घड्याळवाल्याला तर मुळीच नाही. चुकून तोंडात गेला तरी त्याचा घसा सुजायचा. वर पाव ठेवला की आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. म्हणून आईनं सुरीची खूण ठेवली होती. उभा छेद म्हणजे अक्रोड आहे. तिरपा छेद म्हणजे नाही. लांबट तुकडे आणि त्रिकोण. ना चिठ्ठी ना काडी. गल्लीतल्या प्रत्येकाला ही खूण पाठ होती, आणि घड्याळवाला तर त्रिकोण दिसला की न विचारता उचलायचा.

त्या दिवशी गल्लीतल्या दुकानदारांची सभा होती. पन्नास सँडविचं. आईनं बिनअक्रोडाची दहा तिरपी कापून ताटाच्या एका कडेला लावली, मग अक्रोडाची उभी कापायला घेतली. चाळीसांतली सहा उरली असताना फोन वाजला. आई हात पुसत बाहेर गेली. लेक तेव्हा चोवीस वर्षांची होती. सुट्टीच्या दिवशी कामाला जुंपलं म्हणून घुश्शात होती. उरलेली सहा तिनं पुढ्यात ओढली आणि तिरपी कापली. त्रिकोण ताटात उभे राहतात, आतलं लोणी दिसतं, बरं दिसतं. बस, एवढंच कारण. खूण तिला माहीत नव्हती असं नाही. त्या घटकेला ती तिच्या मनातच आली नाही. सहा त्रिकोण तिनं दहा त्रिकोणांशेजारी उभे केले, आणि आई परत आली तेव्हा ताट झाकून तयार होतं.

सभेत घड्याळवाल्यानं त्रिकोण उचलला.

तो वाचला. पण इस्पितळाच्या त्या लांब, फिनेलचा वास येणाऱ्या बोळात दोन तास कुणालाच ते माहीत नव्हतं. बाकावर बसलेली आई दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत होती, ते हात कुणी तिच्या मांडीवर आणून ठेवले असावेत तसं. "माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "सुरी वळली माझी. तंद्रीत तिरपी कापली असणार मी." लेकीनं तोंड उघडलं. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर आले, म्हणाले, धोका टळला. सगळे उठले, कुणी रडलं, कुणी डॉक्टरांचे हात धरले. लेकीचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आईनं गल्लीभर फिरून, दाराशी उभं राहून, स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं होतं. मग आठवडा गेला. मग महिना. न सांगितलेली गोष्ट दिवसागणिक जड होत जाते, हे लेकीनं पुस्तकांत वाचलं होतं. पुस्तकांत ती कधीतरी आपोआप बाहेर पडते. इथे ती कुठेही गेली नाही. ओट्याशीच राहिली.

आणि आईनं वरचा पाव बंद केला. उघडं ठेवलं की जे आहे ते डोळ्यांसमोर असतं, चूक झाली तर खाणाऱ्यालाच दिसते, असं तिचं म्हणणं. अक्रोड दुकानात येईनासा झाला. पण भीती पावापुरती थांबली नाही. गॅस बंद केला का ते बघायला ती तीन-तीनदा मागे फिरायची. शेजारणीचं तान्हं मूल मांडीवर घ्यायला नको म्हणायची. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्या लावायची: लोण्यात मीठ घातलं. अंडी काढून ठेवली. बोलता बोलता थांबून विचारायची, "हे मघाशी सांगितलं का गं मी तुला?" लेक म्हणायची, "नाही आई." कधी सांगितलेलं असलं तरीही.

तर त्या सकाळी मावशी टेबलं पुसायला बाहेर गेली आणि मायलेकी दोघीच ओट्याशी उरल्या. आईनं पावांवर लोणी फिरवायला सुरुवात केली. लेक काकडी सोलत होती.

"मास्तरीणबाई," आई म्हणाली. लेक वाचनालयात नोकरीला लागली तेव्हापासून हे नाव पडलं होतं. "रागावलीस?"

"नाही."

"रागावलीयस. तुझं नाक सांगतं." मग थोड्या वेळानं, सुरी न थांबवता, "तुला वाटतं मी हट्ट करते. हट्ट नाही गं. त्या दिवशी मी ती तिरपी कापली, ते मला आठवतच नाही. आजपर्यंत आठवत नाही. फोन यायच्या आधी सगळी संपवून उठले, एवढंच डोळ्यांसमोर येतं. चूक आठवली असती ना, तर मी म्हटलं असतं, चल, चुकले, पुन्हा नाही चुकणार. पण आठवतच नसेल तर काय धरून म्हणायचं तसं? माझा हात माझ्या नकळत काहीतरी करतो. असा हात मी कुणाच्या घासावर झाकण घालायला कसा वापरू?"

लेकीच्या हातातली काकडी थांबली.

हीच वेळ होती. इतकी सोपी वेळ सहा वर्षांत आली नव्हती. बाहेर मावशीच्या फडक्याचा आवाज, आत दोघी, मध्ये पाव. तू संपवली नव्हतीस आई, सहा उरली होती. एवढं एक वाक्य. ते गळ्यापर्यंत आलं, आणि त्याच्या मागून दुसरं आलं: सहा वर्षं तू ही भीती बाळगलीस आणि मी बघत राहिले. पहिलं वाक्य म्हटलं की दुसरं म्हणावंच लागलं असतं.

"आई."

"काय?"

"लोणी जास्त होतंय."

आईचा हात थबकला. तिनं फळीकडे पाहिलं, एका पावावरून दुसऱ्यावर नजर नेली. "होतंय?" ती म्हणाली. चेहऱ्यावर तीच ती कावरीबावरी छाया. "मला दिसलंच नाही." आणि सुरीच्या पाठीनं ती पहिल्या ओळीपासून लोणी खरवडू लागली. लोणी अजिबात जास्त नव्हतं.

दुपारी घड्याळवाला आला, आपल्या ठरलेल्या टेबलाशी बसला, अंड्याच्या सँडविचकडे भिंग लावल्यासारखा एक डोळा बारीक करून म्हणाला, "मालकीणबाई, आज जिवंत सोडणार ना?" आई म्हणाली, "बिल दिल्यावर सोडेन." हा त्यांचा रोजचा विनोद. आई त्याला रोज हसायची, लेक रोज काहीतरी आणायला आत जायची. त्या दिवशीही गेली. मग वाचनालयाची वेळ झाली, आणि जाताना ती "येते" म्हणाली की नाही, हे तिला नंतर कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आई पाव आणायला बेकरीत गेली. पाव भट्टीतून निघायला थोडा अवकाश होता म्हणून पायरीवर बसली. बेकरीवाला पाव घेऊन बाहेर आला तेव्हा ती भिंतीला डोकं टेकून बसली होती, पिशवी मांडीवर नीट घडी करून. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसावा.

मग आठ दिवस घरात माणसं येत-जात होती. खुर्च्या पुरत नव्हत्या. येणारा प्रत्येक जण आईच्या हाताची चव आठवायचा, आणि मग आवाज खाली आणून तेच म्हणायचा. "त्या प्रकरणानंतर खचलीच ती." "मनाला फार लावून घेतलं." "पण बाई खरी. झाली चूक ती पदरात घेतली." लेक चहाचे कप भरत होती. आठव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की आई आता अशीच उरणार आहे. पंचवीस वर्षं रोज पहाटे उठून पाव मांडणारी नव्हे, तर जिच्या हातून एकदा ते झालं ती. आई होती तोवर निदान ती स्वतः तिथे होती, त्या गोष्टीच्या शेजारी उभी. आता गोष्टच तेवढी राहिली होती.

नवव्या दिवशी मावशीनं दुकान उघडलं, आणि उघडल्या उघडल्या विमा कचेरीला फोन करून साठ बंद सँडविचांना होकार दिला.

"आई नाही म्हणाली होती," लेक म्हणाली.

"ताईला स्वतःच्या हाताची भीती होती, बाळा. तिचं तिच्यासोबत गेलं." मावशीचे डोळे रडून सुजले होते, पण कंबरेला पदर खोचलेला होता. "मला एकटीला ही पाच टेबलं झेपणार नाहीत. हे साठ मिळाले तर दुकान चालेल, नाहीतर वर्षअखेर कुलूप. तुझं वाचनालय आहे. मला हेच आहे."

मावशीचं चुकत नव्हतं, फक्त ज्यावर ती उभी होती ते खरं नव्हतं.

दुपारी कचेरीतली बाई नमुना बघायला आली. पन्नाशीची, ताठ, मोठी पर्स, पर्समध्ये फाईल. घड्याळवाला आपल्या टेबलाशी आधीच बसलेला होता. आठ दिवस त्यानं डबा आणला होता आणि आज पहिल्यांदा आत आला होता. बाईंनी दोन घास खाल्ले, तोंड पुसलं, मान डोलावली. मग फाईल उघडली.

"चव उत्तम आहे. पण मला एक विचारायचंय. इथे पूर्वी कुणाला तरी विषबाधा झाली होती म्हणतात."

"विषबाधा नव्हे," घड्याळवाला म्हणाला. "अक्रोड. आणि तो 'कुणीतरी' म्हणजे मी."

बाई चपापल्या. "आणि तुम्ही अजून इथे खाता?"

"उघडं खातो. दिसतं ते खातो."

"माझ्या बहिणीकडून झालं होतं ते," मावशी पुढे झाली. "मोठी बहीण. तिचं जरा... विसरणं सुरू झालं होतं. कापताना गल्लत झाली. ती गेली मागच्या आठवड्यात."

"अरे," बाई म्हणाल्या. "वाईट वाटलं."

"फार सच्ची बाई," घड्याळवाला ताटलीकडे बघत म्हणाला. "मी शुद्धीवर आलो तर पलंगाशी उभी. म्हणाली, माझ्याकडून झालं. लपवलं नाही काही. दुसऱ्या कुणी लपवलं असतं."

लेक गल्ल्याशी उभी होती. हाताला काहीतरी असावं म्हणून तिनं रुमालांची चळत उचलली आणि परत ठेवली.

"तसं असेल तर सोपं आहे," बाई म्हणाल्या. "मलाही वरती उत्तर द्यावं लागतं. उद्या कुणी विचारलं की माहिती असून तुम्ही इथून का मागवलंत, तर फाईलमध्ये एक कागद हवा. फार नको, दोन ओळी. पूर्वी जो प्रकार झाला त्याला जबाबदार असलेली व्यक्ती आता दुकानात काम करत नाही. खाली सही. म्हणजे माझं काम झालं."

"एवढंच ना," मावशी म्हणाली. तिच्या खांद्यांवरचा भार उतरलेला लेकीला स्पष्ट दिसला. "लिही गं. हिचं अक्षर मोत्यासारखं आहे. आणि हो, आता कापायचं काम हीच करणार आहे. वाचनालयात असते, फार काटेकोर."

बाईंनी कोरा कागद गल्ल्यावर ठेवला आणि पेन उघडून पुढे केलं. लेकीनं ते घेतलं. कागदावर तारीख घातली. दुकानाचा पत्ता घातला. पूर्वी, तिनं लिहिलं. मग 'जो प्रकार झाला त्याला', एवढं लिहिलं. अक्षर खरोखरच चांगलं आलं होतं.

पेन तिथेच टेकलं.

"जबाबदार असलेली," बाईंनी आठवण करून दिली.

मावशी बघत होती. पाच टेबलं, गल्ला, वर्षअखेरचं कुलूप, सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं. चार शब्द लिहिले की संपलं असतं. मावशीला दुकान मिळालं असतं, बाईंना कागद, घड्याळवाल्याला त्याची सच्ची मालकीणबाई. कुणाचंच काही गेलं नसतं. जिचं गेलं असतं ती बोलायला येणार नव्हती, आणि आली असती तरी तिनं मान डोलावून म्हटलं असतं, हो, माझ्याच हातून.

"मला हे लिहिता येणार नाही," लेक म्हणाली.

"का?" मावशी म्हणाली. "काय झालं? बस जरा. पाणी देऊ?"

लेकीनं काहीतरी म्हटलं. ओठ हलले, पण आवाज बाहेर आला नाही. आला तो गल्ल्याच्या कडेवरच सांडला.

"मोठ्यानं बोला, मला ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या.

घड्याळवाल्यानं काटा खाली ठेवला. त्यानं खुर्ची थोडी वळवली आणि तो तिच्याकडे बघू लागला. डोळा बारीक न करता, सरळ.

"ती व्यक्ती दुकानात काम करते," लेक म्हणाली. या वेळी आवाज आला, आणि तो तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"काय बोलतेयस तू?" मावशी म्हणाली.

"आई फोनवर गेली होती, मावशी. तिनं संपवली नव्हती, सहा उरली होती. अक्रोडाची. ती मी कापली. तिरपी. ताटात बरी दिसतात म्हणून." ती घड्याळवाल्याकडे वळली, कारण त्याच्याकडे न बघता पुढचं बोलणं म्हणजे पुन्हा न बोलल्यासारखंच झालं असतं. "तुम्ही उचललात तो त्रिकोण माझा होता. इस्पितळात ती 'माझ्या हातून झालं' म्हणाली तेव्हा मी शेजारी बसले होते. गेली त्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली की तिला काहीच आठवत नाही, तेव्हाही मी शेजारी उभी होते. तिला आठवत नव्हतं, कारण तिनं ते केलंच नव्हतं. आई विसरत नव्हती. आईचा हात चुकला नव्हता. एकदाही चुकला नव्हता."